लॉड स्कोअर ३: आठ महिने रोज वापरल्यावर

आठ महिने कुटुंबांच्या डेटावर लिंकेजची चाचणी लावते आहे, म्हणजे आजाराचं जनुक आणि गुणसूत्रावरची एखादी ओळखखूण (मार्कर) वारशात सोबत जातात का, हे पाहते आहे; बहुतेक वेळा मर्लिन या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातून येणारा आकडा म्हणजे लॉड स्कोअर. सुरुवातीला ३ ओलांडला की काम फत्ते, असंच धरून चालले होते.

ही ३ ची मर्यादा जनुकशास्त्रज्ञ न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये घालून दिली. अर्थ एवढाच, की हा डेटा लिंकेज असताना मिळणं हे ते नसताना मिळण्यापेक्षा १००० पट शक्य आहे. ही पी-व्हॅल्यू (लिंकेज नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा स्कोअर येण्याची शक्यता) नव्हे. एका मार्करपुरती ती साधारण ०.०००१ येते. उणे २ च्या खाली गेलं की ती जागा वगळायची. या उणे बाजूने माझे कितीतरी आठवडे वाचवले आणि तिचं कौतुक कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक प्रसंग सांगते. दहा मुलं, फेज (पालकाच्या गुणसूत्रावर आजाराच्या जनुकासोबत मार्करचं कोणतं रूप आहे, ते) माहीत, एकही रिकॉम्बिनंट (ज्याच्यात ही जोडी तुटली असं मूल) नाही. प्रत्येक मुलाचे ०.३०, बेरीज ३.०१. आता यातलं एकच मूल रिकॉम्बिनंट दिसलं, तर कमाल स्कोअर येतो १.६०, तोही थीटा (ही जोडी तुटण्याचं प्रमाण) ०.१ ला. माझ्याकडे अगदी हेच झालं. पण त्या मुलाचे अलीकडचे-पलीकडचे दोन्ही मार्कर व्यवस्थित जुळत होते. एवढ्याशा अंतरात दोनदा क्रॉसओव्हर (गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल)? मर्लिनच्या त्रुटी-तपासणीनेही तोच जीनोटाइप (त्या मुलाचं त्या मार्करचं वाचन) संशयास्पद दाखवला. मी एकट्या त्या मुलाचा नाही, सगळ्या कुटुंबाचा मार्कर पुन्हा टाइप करून घेतला. नडणारा नमुनाच तेवढा तपासायचा, हे मला पटत नाही. वाचनातली चूक निघाली.

दुसऱ्या आजाराच्या डेटावर मात्र मीच घसरले. स्कोअर २.७ होता. मॉडेलमधला पेनेट्रन्स (जनुक असलेल्याला आजार होण्याची शक्यता) बदलून पाहिला, मग अजून एकदा. तिसऱ्या मॉडेलला ३.१ आला. लँडर आणि क्रुगल्याक या जनुकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये संपूर्ण जीनोम धुंडाळताना ३.३ मागितला होता, आणि मी तर वर तीन मॉडेलं चालवली होती. मग लिंकेज नसलेला डेटा सिम्युलेट केला, दर वेळी तिन्ही मॉडेलं लावून सर्वांत मोठा स्कोअर टिपला. ३.१ इतका वारंवार उगवला, की निकाल कळवायचा विचार सोडला.

पुढे नवं कुटुंब मिळालं. तेच मॉडेल, तीच जागा, तोच थीटा: उणे ०.८. आधीच्या ३.१ मध्ये मिळवून बेरीज २.३.