हूट आउल हूट: चार-पाच वर्षांच्या मुलांना चाल समजवायची असेल तर हा गेम घ्याच

लहान मुलांना नुसतं "विचार करून खेळ" म्हणून काही होत नाही, कारण विचार नेमका कशाचा करायचा तेच त्यांना कळत नसतं. ते या गेममध्ये फार छान जमलंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बोर्डवर रंगीत घरांची वळणावळणाची वाट आहे आणि सूर्य उगवायच्या आत सगळी घुबडं घरट्यात पोचवायची. सगळे एकाच बाजूने खेळतात, जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. प्रत्येकासमोर तीन पत्ते, तेही उघडे. ज्या रंगाचा पत्ता टाकाल त्या रंगाच्या पुढच्या घरावर कुठलंही एक घुबड न्यायचं. सूर्याचा पत्ता आला असेल तर मात्र तोच टाकावा लागतो आणि सूर्य एक घर पुढे सरकतो. वाचता यायची गरजच नाही.

आता खरी मजा. त्या रंगाच्या पुढच्या घरावर आधीच एखादं घुबड बसलेलं असेल तर त्याच्यावरून उडून थेट त्याच रंगाच्या त्यापुढच्या घरावर जाता येतं. सुरुवातीला मुलं आवडता रंग टाकतात आणि सगळ्यात पुढचं घुबडच पळवत राहतात, मागचं बिचारं तिथेच. मग कधीतरी हे उडणं लक्षात येतं आणि माझी मुलगी म्हणते, "आई थांब, लाल आत्ता नको, आधी तू तुझा निळा टाक." म्हणजे दोन चाली पुढचं दिसलं, शिवाय समोरच्याचे पत्तेही बघितले! पत्ते उघडे असल्यामुळेच हे बोलणं होतं, लपवलेले असते तर सगळं मनातल्या मनात राहिलं असतं.

फक्त मोठ्यांनी चाल सांगायची नाही, हे खूप महत्त्वाचं. सगळे एका टीममध्ये असले की एक मोठा माणूस सगळ्यांचा डाव खेळायला लागतो आणि मूल नुसतं सोंगटी हलवतं. मी दोन घरांवर बोट ठेवून विचारते, हे नेलं तर कुठे जाईल, आणि ते नेलं तर? मग तिने कमी पल्ल्याची चाल निवडली तरी तीच खेळायची. आणि नंतर लागोपाठ सूर्य निघाले तर आवर्जून सांगते की तुझी चाल चांगली होती, पत्ते वाईट आले. हा फरक तर मोठ्यांनाही पटकन कळत नाही.

तीन घुबडांनी सुरू करा, ते सोपं जातं. सहा घेतली की सूर्याचं खरंच टेन्शन येतं आणि मागे राहिलेल्या घुबडाची किंमत कळते. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र हा लवकर पुरा पडेनासा होईल, त्यांना उलट चाल करणारा कोणीतरी समोर लागतो, त्यांच्यासाठी सरळ बुद्धिबळच काढा.