एकट्याची होडी: जीपीएस ट्रोलिंग मोटर, लिथियम बॅटरी आणि सोनार, आठ महिन्यांच्या वापरानंतर

होडीत दोघं असले की एक जण होडी सांभाळतो आणि दुसरा गळ टाकतो. एकट्याला दोन्ही करावं लागतं, आणि नेमका मासा लागतो तेव्हा दोन्ही हात रॉडमध्ये अडकलेले असतात. तेवढ्यात वारा होडीला खडकांकडे नेतो. माझ्या १४ फुटी ॲल्युमिनियमच्या होडीवर मी जे काही बदल केले, ते सगळे या एका अडचणीपायी.

क्रम मात्र चुकला. आधी सोनारची, म्हणजे ध्वनिलहरींच्या मदतीने पाण्याखालचं दाखवणारी, नऊ इंची स्क्रीन घेतली. मासे छान दिसायला लागले, पण दिसलेल्या माशांवर थांबता येईना. ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू चालवणारी आणि जागेवर धरणारी विजेची छोटी मोटर, तीन महिन्यांनंतर आली आणि खरा फरक तिच्यामुळे पडला. म्हणून एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: आधी होडी जागेवर धरणारी मोटर, मग तिला पुरून उरेल अशी बॅटरी, आणि स्क्रीन सर्वांत शेवटी.

मोटर १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची, होडीच्या पुढच्या टोकाला बसणारी. तिच्यातली जीपीएस-नांगराची सोय हीच घेण्यासारखी गोष्ट. मिन कोटावाले तिला स्पॉट-लॉक म्हणतात, बाकीच्यांची नावं वेगळी, काम तेच. बटण दाबलं की मोटर ती जागा लक्षात ठेवते आणि वारा ढकलेल तशी स्वतःच वळून, वेग कमीजास्त करून होडी तिथेच राखते. खोली कितीही असो, दोर सोडायचा नाही की ओढायचा नाही. पहिल्यांदा जोरदार मासा लागला तेव्हा सवयीने मी मागे वळून किनारा किती जवळ आला ते पाहिलं. होडी जागची हलली नव्हती. तो मासा मी निवांतपणे, जाळी हातात घेऊन वर काढला.

जोर किती घ्यावा याचा प्रचलित हिशोब असा: भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंना किमान २ पौंड. माझी होडी माणूस-सामानासकट साडेतीनशे किलोंच्या आसपास, म्हणजे १६ पौंडांत भागायला हवं. पण हा हिशोब शांत पाण्याचा आहे. वाऱ्यात होडी धरून ठेवायची तर त्याच्या तिप्पट घ्या. शाफ्टची, म्हणजे मोटरच्या पाण्यात उतरणाऱ्या दांड्याची, लांबीही कमी पडू देऊ नका. लाटेवर पुढचं टोक उचललं की आखूड शाफ्टचा पंखा पाण्याबाहेर येतो, नुसता गरगरतो, आणि नेमकी तेव्हाच होडी सुटते.

बॅटरीच्या बाबतीत मी लेड-ॲसिड सोडून १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वजन निम्म्याहून कमी झालं. ती एकट्याने उचलून होडीत ठेवायची असते, त्यामुळे हे फार मोलाचं आहे. शिवाय लेड-ॲसिडमधून निम्म्याच्या खाली उतरू नये म्हणतात, हिच्यातली जवळजवळ सगळी वीज वापरता येते. पूर्ण वेगाला माझी मोटर ५० अँपिअर खाते, म्हणजे जेमतेम दोन तास. पण तसं कुणी चालवत नाही. मध्यम वाऱ्यात दिवसभर जागा धरून माझे साधारण ६० अँपिअर-तास जातात. एक सावधगिरी: या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. व्होल्टमीटर पाहून किती उरलंय ते कळत नाही. शंट असलेला, म्हणजे बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणारा, मॉनिटर लावा.

तारांवर मी सुरुवातीला कंजूषपणा केला होता. बॅटरी मागे, मोटर पुढे, जाऊन-येऊन आठ मीटर तार. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत पूर्ण वेगाला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि तार हाताला गरम लागते. २५ चौरस मिलिमीटरची टाकल्यावर ते ०.३ व्होल्टच्या खाली आलं. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर बसवला आहे.

स्क्रीनने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, होडीचं मुख्य इंजिन सुरू करताना ती दर वेळी बंद पडून पुन्हा चालू व्हायची. यंत्रात दोष आहे असं वाटून मी ते दुरुस्तीला न्यायला निघालो होतो. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो, एवढंच कारण होतं. स्क्रीनला वेगळी छोटी बॅटरी दिली. मोटर चालू असताना सोनारवर उठणारे ठिपकेही तेव्हापासून गेले. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनिलहरी सोडून परतीच्या लहरी टिपणाऱ्या भागाची) केबल मात्र मोटरच्या तारांपासून लांबून न्यायला हवी.

दुसरी गोष्ट कळायला दोन महिने लागले. मी खुणावलेल्या जागेवर परत जायचो आणि खाली काहीच नसायचं. ट्रान्सड्यूसर मोटरला, म्हणजे पुढच्या टोकाला होता आणि स्क्रीन, तिच्यातल्या जीपीएससकट, मागे. खडक पुढे दिसायचा आणि खूण चार मीटर मागे पडायची. मोठ्या उंचवट्याला याने बिघडत नाही, पण पाण्यातल्या एका ओंडक्यासाठी चार मीटर पुष्कळ झाले. आता जीपीएसची वेगळी अँटेना पुढे बसवली आहे.

एकदा भर वाऱ्यात मोटरचा आवाज येत राहिला आणि होडी मात्र वाहत निघाली. पाण्याखालच्या फांदीला लागून पंख्याची पिन तुटली होती. नट काढून पाहिलं तर आत पंख्याच्या दांड्याभोवती तंगूसचे घट्ट वेढे बसलेले, सीलला अगदी टेकलेले. आणखी काही दिवस तसेच राहिले असते तर मोटरमध्ये पाणी गेलं असतं. आता दर चार-पाच फेऱ्यांनंतर पंखा काढून बघतो. जादा पिन, नट आणि पाना होडीतच असतो.

एकट्यासाठी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. जागा धरलेली असताना पाण्यात पडलात तर होडी निदान त्याच जागी राहते. मोटर ठरवलेल्या दिशेने आपोआप चालत असताना पडलात तर ती तुम्हाला सोडून निघून जाते. म्हणून ती सोय वापरताना मी बसून राहतो, रिमोट गळ्यात असतो आणि लाइफ जॅकेट अंगावर.

तक्रार एकच उरली. दोन मीटरपेक्षा उथळ पाण्यात मोटर सतत वळत राहिली की मासे लांब जातात, आणि शेवाळ असेल तर पंख्याला गुंडाळतं. तिथे मी मोटर वर उचलून ठेवतो आणि जुना नांगर आवाज न करता सोडतो.