डिश की केबल? बिघाड कुठे होतो ते पाहून ठरवा

चित्र कोणाचं चांगलं, हा वाद आता जुना झाला. मुंबईची केबल ऑक्टोबर २०१२ अखेर डिजिटल झाली, पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांना मार्च २०१३ ची मुदत होती आणि मार्च २०१७ नंतर खेड्यापाड्यांतही ॲनालॉग केबलला परवानगी उरली नाही. डिजिटलमध्ये मुंग्या दिसत नाहीत. चित्र स्वच्छ येतं, नाहीतर ठोकळे पडून अडकतं. त्यामुळे निवड करताना खरा प्रश्न असा, की बिघाड होणार कुठे आणि तो दुरुस्त करायला येणार कोण. डिशचा बिघाड बहुतेक वेळा तुमच्या गच्चीवर असतो, केबलचा गल्लीत.

आधी आकाश बघा

डिश घ्यायची की नाही हे पुष्कळदा घराची दिशाच ठरवते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. मुंबईतून त्यांची दिशा होकायंत्रावर साधारण १५१ अंश येते, म्हणजे दक्षिणेपासून पूर्वेकडे २९ अंश, आणि उंची क्षितिजापासून ६५ अंश. नागपुरातून उंची जवळपास तेवढीच, पण दिशा १६९ अंश, म्हणजे जवळजवळ दक्षिण. बाकीच्या कंपन्यांचे उपग्रह याच्या आणखी पूर्वेला आहेत. थोडक्यात, ज्या फ्लॅटला फक्त उत्तर किंवा पश्चिमेची बाल्कनी आहे आणि सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नाही, तिथे डिशचा विषय संपला.

छत्री पाहून फसू नका. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते. तबकडी बरीच उभी वाटली तरी ती तिच्या तोंडाच्या दिशेपेक्षा पंचवीसेक अंश वर पाहते. म्हणून समोरची दुमजली इमारत सहसा आड येत नाही, पण जवळचा माड किंवा आंबा येतो. मे महिन्यात डिश बसवली, तेव्हा सिग्नल उत्तम होता, आणि दोन वर्षांनी झावळ्या वाढून काही चॅनेल जायला लागले, हे कोकणात नेहमीचं आहे.

मुंबई परिसरात एक फुकटची चाचणी करता येते. १२ मार्च किंवा १ ऑक्टोबरच्या आगेमागे दोन-तीन दिवस, दुपारी साडेअकरा ते बाराच्या सुमारास, सूर्य जवळपास ८३ अंशांच्या उपग्रहाच्या जागी असतो. त्या वेळी छत्री लावायच्या जागेवर थेट ऊन पडत असेल, तर मधे अडथळा नाही. (याच दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जातं. ते सूर्यामुळे असतं, तंत्रज्ञाला बोलावू नका.)

पाऊस

डिशचा सिग्नल केयू बँडमध्ये, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर येतो. त्याची तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने मुसळधार पावसाचे थेंब तो शोषतात आणि विखुरतात. रिमझिमीने काही होत नाही. काळाकुट्ट ढग उपग्रहाच्या दिशेला दाटला की चित्र जातं, कधीकधी आपल्या अंगणात पाऊस पोचण्याआधीच. सर जोर धरून असेल तेवढा वेळ ते बंद राहतं. केबलवाल्याच्या वरची कंपनी बहुतेक चॅनेल सी बँडवर मोठ्या तबकड्यांनी घेते. चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या त्या लहरींना पावसाचा फारसा उपद्रव होत नाही आणि तिथून पुढे सिग्नल फायबरने येतो.

पण पावसाळ्यात रोज चित्र जात असेल, तर दोष पावसाचा कमी आणि बसवणाऱ्याचा जास्त. ६० सेंटिमीटरची डिश दोन अंशांनी चुकली तरी निरभ्र आकाशात चित्र नीट येतं, म्हणून चूक लपते. हाताशी राखीव सिग्नल नसतो, आणि जूनमध्ये उघडं पडतं. तंत्रज्ञ असतानाच बॉक्सच्या मेनूतलं सिग्नलचं पान उघडून ठेवा. तिथे ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे असतात. स्ट्रेंग्थ डिश भलतीकडे असतानाही भरलेली दिसू शकते. डिश हलवायची ती क्वालिटीचा पट्टा जास्तीत जास्त वर नेण्यासाठी. मग बोल्ट आवळताना आकडा पुन्हा बघायचा, कारण आवळतानाच तबकडी सरकते. एवढं करूनही त्रास राहिला तर ९० सेंटिमीटरची डिश सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यात तो खर्च वाया जात नाही.

डिशचा दुसरा ठरलेला आजार म्हणजे निम्मे चॅनेल गायब होणं. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारे (ध्रुवीकरणाने) येतात. एलएनबीला, म्हणजे तबकडीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल घेणाऱ्या डबीला, बॉक्स वायरीतूनच वीज पाठवतो: उभ्या ध्रुवीकरणासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. वायर फार लांब असेल किंवा कनेक्टर गंजला असेल, तर १८ चे वर पोचेपर्यंत १४-१५ होतात आणि आडव्या बाजूचे सगळे चॅनेल जातात. ग्राहक रिचार्ज तपासत बसतो. खरं तर वरचा एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) कापून नवा लावायचा आणि त्यावर रबरी टोपी किंवा स्वयंचिकट टेप घालायची. वायर आरजी-६ प्रकारचीच (कोॲक्सियल) घ्या, शक्यतो तीस मीटरच्या आत. याच व्होल्टच्या कारणाने एका तोंडाच्या एलएनबीची वायर साध्या स्प्लिटरने फोडून दोन बॉक्स चालवता येत नाहीत. दुसऱ्या टीव्हीसाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि वेगळी वायर लागते.

वीज

हा मुद्दा विक्रेते काढत नाहीत, पण ग्रामीण महाराष्ट्रात पारडं बहुधा यानेच झुकतं. केबलच्या वाटेवर जागोजागी ॲम्प्लिफायर असतात आणि त्यांना वीज एखाद्या खांबाजवळच्या घरातून किंवा दुकानातून दिलेली असते. त्या भागाची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही केबल बंद. डिशला तुमचा इन्व्हर्टर पुरतो. भारनियमनाचा भाग असेल तर केबल घेण्याआधी शेजाऱ्याला एवढंच विचारा, की लाइट गेल्यावर केबल चालते का. ऑपरेटरने बॅटरी बॅकअप ठेवला असेल तर लगेच कळेल.

केबलचे बाकीचे बिघाड जोडांतले. पहिल्या पावसात खांबावरच्या टॅपमध्ये, म्हणजे घरोघरी वायर काढून देणाऱ्या डबीत, पाणी शिरतं. घरात एकातून दोन करणारा स्प्लिटर सुमारे ४ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल, खातो, चारचा स्प्लिटर ७-८. आधीच अशक्त आलेला सिग्नल मग एखाद्या फ्रिक्वेन्सीवर तुटतो, आणि एका फ्रिक्वेन्सीवर डझनभर किंवा जास्त चॅनेल एकत्र येत असल्याने ते सगळे एकदम फुटतात. असा गटच्या गट फुटत असेल तर घरातले स्प्लिटर काढून वायर थेट बॉक्सला लावून पाहा. चित्र नीट आलं तर दोष घरातला, नाही तर बाहेरचा. चॅनेलचे पैसे भरलेले नसतील, तर ठोकळे न पडता सरळ तसा संदेश येतो.

केबलची मोठी जमेची बाजू म्हणजे माणूस. फोन केला की संध्याकाळी पोरगा शिडी घेऊन येतो, वायर बदलतो, बहुतेक वेळा पैसेही घेत नाही. पण हे ऑपरेटरवर अवलंबून आहे. एकाच गावात एका वाडीत तासाभरात येणारा आणि दुसऱ्या वाडीत आठवडा लावणारा, असे दोन्ही असतात. डिशवाल्यांचं कॉल सेंटर सगळीकडे सारखंच. तालुक्याच्या गावापासून लांब राहत असाल तर तंत्रज्ञ यायला वेळ आणि फेरीचे पैसे दोन्ही धरा.

पैसे

पे चॅनेलची किंमत वाहिनी ठरवते आणि ती डिशला-केबलला एकच असते. फरक पडतो तो जोडणीच्या मासिक आकारात, म्हणजे एनसीएफमध्ये, आणि पॅकवरच्या सवलतीत. २०० चॅनेलपर्यंत हा आकार कमाल १३० रुपये होता, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. दुसऱ्या टीव्हीला त्याच्या ४० टक्क्यांहून जास्त घेता येत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ही मर्यादा काढली. म्हणून आता ‘पॅक कितीला’ एवढं विचारून भागत नाही. एनसीएफ किती, दुसऱ्या बॉक्सचा किती, कर धरून की वगळून, आणि बॉक्स विकत की भाड्याने, हे लिहून घ्या. केबलचे पैसे रोख देत असाल तर पावती घ्या. तिच्यावर बॉक्सचा नंबर असावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. एका कंपनीचा बॉक्स व्यवहारात दुसरीकडे चालत नाही. केबलचा बॉक्स नव्या भागात बहुधा निरुपयोगी ठरतो. डिश कुठेही नेता येते, फक्त काढून परत बसवण्याचा खर्च येतो, आणि नव्या घराला आग्नेय-दक्षिण मोकळी हवी.

तर शहरातल्या इमारतीत, चांगला ऑपरेटर असेल आणि त्याच्याच वायरीवर इंटरनेट मिळत असेल, तर केबल घ्या. शेतातलं घर, भारनियमन, किंवा दर दोन वर्षांनी बदली असेल तर डिश. घाटमाथ्यावर आणि कोकणात, वीज बरी असेल तर जून ते सप्टेंबर केबलच सुखाची.

बातम्या, सह्याद्री आणि जुने सिनेमे एवढंच पाहायचं असेल तर या दोन्हींची गरज नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे. मुंबईत घरी टाटा प्लेची जुनी छत्री पडून असेल, तर ती पूर्वेकडे सुमारे २० अंश वळवून सात अंश खाली झुकवावी लागते, एलएनबी युनिव्हर्सल (केयू बँडचे खालचे-वरचे दोन्ही पट्टे घेणारा) असावा लागतो आणि बॉक्स वेगळा घ्यावा लागतो. चॅनेलची यादी मात्र लिलावानुसार बदलते, तेव्हा एका मालिकेपायी ती घेऊ नका.