गोचिडीवर काय घ्यावं: गोळी, थेंब, पट्टा की पावडर?

पावसाळा लागला की रोज रात्री जेवणं झाल्यावर आमच्या कुत्र्याच्या, खंड्याच्या, कानात बॅटरी मारून बघायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. गेल्या वर्षी एक गोचीड तरी नजरेतून सुटलीच. पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात होती, एरंडाच्या बीएवढी, करडी, टम्म फुगलेली. चिमट्याने सरळ ओढून काढली आणि विसरून गेलो. दोनेक आठवड्यांनी पठ्ठ्याने भाकरीला तोंड लावेना. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासल्यावर प्लेटलेट घसरलेल्या आणि निदान अर्लिकियाचं, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापाचं. मग २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक.

तोवर मी पावडरीवर भागवत होतो. पावडर आणि साबण त्या दिवशी अंगावर असतील तेवढ्या गोचिडी मारतात, उद्या भिंतीवरून उतरणारीचं काय? अमिट्राझ या गोचीडमार औषधाचं पाणी जास्त जोरदार, पण प्रमाण चुकलं तर कुत्रं गुंगल्यासारखं पडून राहतं आणि मधुमेह असलेल्या कुत्र्याला ते लावूच नये. अंगावर गोचिडी लगडल्यात तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक, वर्षभराचा बंदोबस्त म्हणून नाही.

खरी निवड गोळी, थेंब आणि पट्टा या तिघांत आहे, आणि ती ठरते एका गोष्टीवर: गोचीड चावल्यावर मरते की चावायच्या आधी? अर्लिकियाचे जंतू चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात उतरू शकतात. गोचिडीतूनच येणाऱ्या बबेसियाला सहसा दीड-दोन दिवस लागतात. हाच तो ताप, ज्यात लघवी कोऱ्या चहासारखी होते.

गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचिडीला आधी चावावं लागतं. पण मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. गोळीत फ्लुरालानर हे औषध असेल तर ती साधारण १२ आठवडे चालते, अफोक्सोलानर किंवा सारोलानर असेल तर महिनाभर. कुत्रं नदीत डुंबो की दर रविवारी शाम्पूने न्हावो, फरक पडत नाही. किंमत वजनावर असते, त्यामुळे लॅब्रॅडॉरवाल्यांचा खिसा हलका होतो. एक सावधगिरी मात्र पाळाच: या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये दिला होता. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

फिप्रोनिलचे थेंब मानेमागे, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायचे. ते केसांवर सोडून पैसे वाया घालवणारे कितीतरी पाहिलेत. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. दर आठवड्याला न्हाणाऱ्या कुत्र्यावर त्यांचा असर महिना गाठेलच असं नाही. थेंबांत परमेथ्रिन असेल आणि घरात मांजर असेल, तर तो डबा घरातही आणू नका, मांजराच्या जिवावर बेततं.

पट्ट्याचं बलस्थान वेगळं. फ्लुमेथ्रिन असलेला चांगला पट्टा गोचिडीला चावण्याआधीच बऱ्यापैकी अडवतो आणि काही प्रकार आठ महिन्यांपर्यंत चालतात. गळा आणि पट्टा यांत दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. नुसता वास मारणारे स्वस्त पट्टे शोभेपुरते. घरात कुत्र्याच्या गळ्यात पडणारं लहान पोर असेल तर मी पट्टा टाळेन.

माझा कौल असा: तळमजला, अंगण, शेजारी भटकी कुत्री असतील तर गोळी. कुत्र्याला फिट येत असतील, किंवा महिन्याची तारीख लक्षात राहत नसेल, तर पट्टा. थेंब छोट्या, घरातच राहणाऱ्या, क्वचित न्हाणाऱ्या कुत्र्याला. पिल्लू असेल तर वय आणि वजन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातलं काहीच नको.

सिंधुदुर्गातल्या माकडतापाची, म्हणजे गोचिडीतून माणसाला होणाऱ्या तापाची, धास्ती घेऊन काही जण कुत्रं सोडून द्यायच्या गोष्टी करतात. ती गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची. आपल्या भिंतीवरची तपकिरी गोचीडही माणसाला क्वचित टिक टायफस नावाचा ताप देऊ शकते, म्हणून ती नखांवर चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

काहीही निवडलं तरी निम्मी लढाई भिंतीशी आहे. मादी रक्त पिऊन कुत्र्यावरून गळून पडते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. आमच्याकडे ती कडप्प्याच्या सांध्यात आणि दाराच्या चौकटीमागे निघाली. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, खंड्याचं गोणपाट जाळलं. आणि घरात दोन कुत्री असतील तर औषध दोघांनाही एकाच दिवशी द्या.