पितळी कडे, ‘व्हायकिंग’ पत्रक

व्हायकिंग, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी लढवय्ये, यांच्या दागिन्यांच्या प्रतिकृती विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून दोन महिन्यांपूर्वी मी एक सोनेरी कडे मागवले. किंमत २,८५० रुपये, घरच्या काट्यावर वजन ५८ ग्रॅम, पितळेवर सोन्याचा मुलामा.

घडण खरोखर चांगली आहे. तीन जाड तारांना पीळ देऊन त्यांच्या खाचेत एक बारीक तार बसवली आहे आणि निमुळती टोके एकमेकांभोवती गुंडाळली आहेत. स्कँडिनेव्हियातल्या अस्सल पीळदार कड्यांशी ही धाटणी जुळते. ज्याने हे घडवले त्याने फोटो नीट पाहिले असावेत. ज्याने सोबतचे पत्रक लिहिले त्याने मात्र काहीच पाहिलेले नाही.

‘प्रत्येक व्हायकिंग योद्ध्याच्या मनगटावरील सुवर्णकडे’ हे पत्रकातले पहिलेच वाक्य चुकीचे आहे. व्हायकिंगांचा रोजचा व्यवहार चांदीवर चाले; अरबी दिरहम ही चांदीची नाणी आणि कड्यांचे तोडलेले तुकडे ते तराजूत घालून देत-घेत. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर स्पिलिंग्स येथे १९९९ मध्ये सापडलेल्या ठेव्यात ६७ किलो चांदी होती, तर नॉर्वेतला त्या काळचा सोन्याचा सर्वांत मोठा ठेवा, १८३४ मध्ये होएन येथे मिळालेला, जेमतेम अडीच किलोंचा आहे. त्यात रोमन, बायझंटाइन आणि अरबी नाण्यांना कड्या लावून केलेली पदके आहेत. ती पाहून पुतळ्यांच्या माळेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. डेन्मार्कमध्ये टिसो येथे १९७७ साली सापडलेला सोन्याचा गळ्यातला दागिना १.८३ किलोंचा, म्हणजे सुमारे १५७ तोळ्यांचा आहे. असे सोने राजाकडे आणि बड्या सरदारांकडेच असे.

राजाने अनुयायाला कडे किंवा त्याचा तोडलेला तुकडा देणे म्हणजे त्याची निष्ठा बांधून घेणे, म्हणूनच दरबारी कवी उदार राजाला ‘कडी मोडणारा’ म्हणत. आपल्याकडेही अडचणीत दागिना ‘मोडतात’, त्यामुळे हे विशेषण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. कड्यावर हात ठेवून शपथही घेत. अँग्लो-सॅक्सन बखर या इंग्लंडच्या जुन्या इतिवृत्तानुसार ८७६ मध्ये डेन, म्हणजे व्हायकिंग, सैन्याने तिथला राजा आल्फ्रेड याच्यासमोर पवित्र कड्यावर शपथ घेतली आणि नंतर रातोरात एक्सेटरकडे पळ काढला. यातले एक अक्षरही पत्रकात नाही. त्याऐवजी ‘धैर्य आणि सकारात्मक ऊर्जा’ आहे.

कड्याच्या आतल्या बाजूस कोरलेल्या रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतही गफलत आहे. तिथे जुन्या, २४ चिन्हांच्या मालेतील अक्षरे वापरली आहेत. व्हायकिंग काळात प्रचारात होती ती १६ चिन्हांची माला.

मुलामा तर तीन आठवड्यांतच मनगटाच्या खालच्या बाजूने उडाला आणि घामाने कातडीवर हिरवट वळ उमटू लागला. तक्रारीला उत्तर आले की परत करण्याची मुदत सात दिवसांचीच होती. नाटकासाठी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी हवे असेल तर या किमतीत पीळ पुरेसा देखणा आहे. रोज वापरण्यासाठी मात्र हे कडे घेऊ नये. माझे आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवले आहे आणि ५८ ग्रॅम त्या कामाला पुरतात.