बोअरचं की नळाचं? प्यायचं पाणी निवडताना

घरी बोअर आहे, नदी-धरणातून येणारा नळही आहे. प्यायला कुठलं घ्यावं? बहुतेक जण डोळ्यांनी आणि जिभेने ठरवतात. बोअरचं पाणी नितळ, गार. नळाला पावसाळ्यात गढूळपणा, वर क्लोरीनचा वास. मग बोअरला पसंती मिळते. मी मात्र आधी एकच गोष्ट विचारेन: या पाण्यात जो दोष असू शकतो, तो उकळून जातो का?

धरण-नदीचं पाणी उघड्यावरचं. सांडपाणी, शेण, खतं असं पाणलोटातलं सगळं मोठ्या पावसासरशी त्यात उतरतं. मुख्य धोका जंतूंचा, आणि त्यावर तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन हे उपाय आहेत. ते कधी कमी पडतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या जंतूमुळे सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. पण तोही उकळल्यावर मरतो. तलावातल्या शेवाळाचं विष मात्र उकळून जात नाही, हा अपवाद लक्षात ठेवा.

बोअरचं उलटं आहे. जमिनीतून झिरपताना जंतू बरेचसे गाळले जातात, पण खडकातलं फ्लोराइड आणि आर्सेनिक पाण्यात विरघळतं. बांगलादेशात तळ्या-ओढ्यांच्या पाण्याने होणारे जुलाब टाळायला 1970 च्या दशकापासून लाखो नलिकाकूप (बोअरसारख्या नळीविहिरी) खोदले. हेतू चांगला होता. 1990 च्या दशकात कळलं, की त्यांतल्या असंख्य कूपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. ना रंग, ना वास, ना चव. असं पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि विष तेवढंच खाली राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. खतांतून झिरपणाऱ्या नायट्रेटचंही तेच, बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते फार घातक.

आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार दाखवतो. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.01 मिलिग्रॅम. मीटरच्या शेकडो मिलिग्रॅमच्या आकड्यात एवढंसं विष दिसणारच नाही.

उथळ विहिरीला दोन्हीकडचे धोके. 2000 साली कॅनडातल्या वॉकरटनमध्ये मुसळधार पावसाने जवळच्या शेतातलं शेणखत उथळ विहिरीत उतरलं आणि 7 माणसं दगावली.

नळाची खरी दुखरी जागा जलवाहिनी. पाणी बंद असताना नळीतला दाब पडतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रावरच्या अहवालापेक्षा तुमच्या तोटीचं पाणी तपासा. परीक्षानळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) दोन-चार थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. द्रावणासोबत मिळणाऱ्या रंगपट्टीशी ताडून पाहा. क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. पाणी पिवळं झालंच नाही, तर ते उकळल्याशिवाय पिऊ नका.

तोटीला क्लोरीन नेमाने मिळत असेल, तर मी नळ निवडेन. बोअर निवडायचा तर आधी प्रयोगशाळेत फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट आणि जंतू तपासून घ्या; शेवटचे दोन दर पावसाळ्यानंतर पुन्हा. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर ते पाणी धुण्या-भांड्यांना वापरा, स्वयंपाकालाही नको.