लाइव्ह तास की व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडच्या मास्तरांपुढेही हाच प्रश्न होता. लाइव्ह तासात पोरगं अडलं की तिथंच कळतं. घरी कोरकू बोलणाऱ्या दुसरीच्या मुलाला वजाबाकीतला हातचा समजला नाही, हे त्याच्या गप्प चेहऱ्यावरच दिसतं. पण लाइव्ह तासाला रेंज हवी, आणि फोन तर बापासोबत वावरात! 5 मिनिटांचा व्हिडिओ सकाळी टाकला, तर बाप दिवे लागणीला घरी आल्यावर पाहता येतो, तीनदा पाहता येतो. शंका मात्र तशीच राहते. मी तरी रोज व्हिडिओ आणि रविवारी 7-8 मुलांपुरता लाइव्ह तास धरीन. 40 जणांच्या लाइव्हमध्ये निम्मा वेळ ‘सर, आवाज येऊन नाही रायला’ यातच जातो.